अट्रॅक्टाकाकूच्या नावावर

४ मार्च

ही वही फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यात लिहायची म्हणून घेतली होती. पहिलं पान लेट्रिम जिल्ह्यात, मॅलॅकीकाकाच्या अंगणात लिहितेय, कारण माझ्या राहत्या व्हॅनचा गिअरबॉक्स गेला. बोटीचं तिकीट वाया. मेकॅनिक म्हणाला, सुटा भाग जर्मनीहून येईल, ईस्टरच्या सुमारास. कुठल्या ईस्टरच्या, ते म्हणाला नाही.

काका सहासष्ट वर्षांचा झाला म्हणजे त्याला पेन्शन लागू. शिवाय बायको त्याच्यावर अवलंबून असेल तर तिच्यासाठी त्यात वाढ मिळते. पण बायकोची स्वतःची काही मिळकत असेल तर वाढ कापतात, किंवा देतच नाहीत. म्हणून तपासणी. फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. का, तर मी शिकलेली. दीड वर्ष कॉलेज. या घरात तेवढं पुरतं.

"बायकोची वाढ!" काका म्हणाला. "चव्वेचाळीस वर्षं झाली, अजून हिची वाढ व्हायचीच आहे म्हणे."

काकूने ब्राऊन ब्रेडचा तुकडा त्याच्या बशीत जरा जोरातच ठेवला.

मी वाचायला लागले. 'पत्नी पूर्णपणे किंवा मुख्यत्वे अर्जदारावर अवलंबून आहे काय?'

"काय?" काकू म्हणाली. "पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"मी? याच्यावर? याला स्वतःचे मोजे कुठे असतात ते माहीत नाही. सकाळी एका पायावर उभा राहून ओरडतो, अट्रॅक्टा, मोजे! आणि मी याच्यावर अवलंबून?"

"अगं, नुसतं 'हो' लिहायचंय."

"लिही की. तुझ्या नावापुढे लिही."

रकाना कोरा ठेवून मी खारीमागे बाहेर गेले. इथे लाल खार दिसते, करडी नाही. करडीबद्दल मेकॅनिकने अर्धा तास सांगितलं, ते उद्या लिहीन.

७ मार्च

करडीबद्दल विसरले.

काकू मधमाश्यांच्या पेट्या साफ करत होती, मी धूर देत होते. म्हटलं, काकू, तुला तुझी अशी पेन्शन का नाही?

"कॅरिकच्या टेलिफोन एक्सचेंजात होते ना मी. दोन वर्षं. अख्ख्या जिल्ह्याची लफडी या कानातून गेलेली आहेत. बहात्तर साली लग्न केलं आणि नोकरी सोडावी लागली. लग्न झालेल्या बाईने सरकारी नोकरी करायची नाही, असा नियमच होता."

"मग?"

"मग काय. पुढच्या वर्षी नियम गेला."

"म्हणजे एक वर्ष थांबली असतीस तर..."

"मी थांबले असते." ती पेटीत वाकून म्हणाली. "घाई त्याला होती."

काका पलीकडच्या कुंपणाशी खिळे ठोकत होता. ठोकणं थांबलं होतं. बहुतेक खिळे संपले असावेत.

नंतर काकूने विचारलं, "ती वाढीची रक्कम येते कुणाच्या नावावर?" मी म्हटलं, फॉर्मवर तर बायकोच्या नावावर असं आहे. थोड्या वेळाने परत तेच विचारलं. जेवताना तिसऱ्यांदा. माझ्या वाचण्यावर विश्वास नसावा. दीड वर्षच ते.

१० मार्च

काकूने 'हो' लिहू दिलं. "कागदापुरती," असं म्हणून. मी 'कागदापुरती' हा शब्दसुद्धा रकान्यात लिहिला होता, तो खोडायला लावला.

काकूकडे उतारा आहे, हे लिहायचं राहिलं. नागिणीवरचा आणि नायट्यावरचा. तिच्या वडिलांकडून तिच्याकडे आला. बाईकडून पुरुषाकडे, पुरुषाकडून बाईकडे, असा जातो तो. मीठ न घातलेलं लोणी, दोन-तीन पाले आणि पुटपुटणं. तीनदा यावं लागतं. वर "डॉक्टरच्या गोळ्या चालू ठेवा, मी काही त्यांच्याशी भांडायला बसलेली नाही," हेही ती प्रत्येकाला सांगते. पार मेयो जिल्ह्यापासून माणसं येतात.

नियम दोनच. पैसे घ्यायचे नाहीत. आणि बरं झालेल्याने 'थँक्यू' म्हणायचं नाही; कुणी तोंड उघडलंच तर काकू झटकन बोट वर करते. म्हटलं की उतारा गेला, कायमचा, सगळ्यांसाठीच.

तिचा पहिला रोगी मॅलॅकीकाका. वासरांकडून हनुवटीवर नायटा आणला होता. वय एकवीस.

"तेव्हापासून आजपर्यंत या माणसाने मला थँक्यू म्हटलेलं नाही," काकू म्हणाली.

"चहा दिला तरी?"

"चहा दिला तरी नाही."

"नियम कुठपर्यंत लागतो, कुणी सांगावं?" काका म्हणाला. "चहाचं थँक्यू चुकून नायट्याला लागलं तर?"

मी हसून हसून खुर्चीवरून पडले. काका हसला नाही.

१७ मार्च

सेंट पॅट्रिकची मिरवणूक. चार ट्रॅक्टर, एक बॅगपाईप, एक बकरी. यंदाही कुणीतरी ओरडलंच, "अट्रॅक्टा, तुझे भाऊ आले बघ!" दरवर्षी ओरडतात म्हणे. काकू दरवर्षी ट्रॅक्टरांना हात करते.

१९ मार्च

पत्र आलं. तपासनीस गुरुवारी घरी येणार. शेवटची ओळ मी मोठ्याने वाचली: 'पत्नीच्या नावावरचा उतारा तपासणीसाठी तयार ठेवावा.'

काकाच्या हातातलं बटाट्याचं भांडं खाली पडलं.

"चुगली झाली! उताऱ्याची चुगली कुणीतरी केली! पेन्शनवाल्यांना कळलं!"

"कळू दे," काकू म्हणाली. "मी पैसे घेते का?"

"पैसे नाही गं, पण ते बघ!"

आम्ही तिघांनी माळ्याकडे बघितलं. पैसे चालत नाहीत म्हणून बरी झालेली माणसं गुपचूप वस्तू ठेवून जातात. कुणी ठेवली ते कळता कामा नये. सकाळी दार उघडलं की पायरीवर डुकराची खारवलेली मांडी. काकू दारू पीत नाही आणि तिच्याकडे व्हिस्कीच्या अकरा बाटल्या आहेत.

"तपासनीस हे सगळं तुझी मिळकत म्हणून लिहील, आणि वाढ गेली बघ," काका म्हणाला.

काकूने भांडं उचललं, बटाटे धुतले. एक बटाटा तिने तीनदा धुतला.

२३ मार्च

काकू चर्चमध्ये फुलं लावायला गेल्यावर आम्ही सगळा माल माझ्या व्हॅनमध्ये हलवला. मांड्या दोन. केक सात. बाटल्या. पाव भाजण्याचं मशीन, खोक्यासकट. मदर मेरीच्या मूर्ती नऊ, एक अंधारात चमकणारी. आणि जिवंत हंस एक, तो शनिवारीच पायरीवर सापडला. माझ्या अंथरुणात बसलाय. माझ्याकडे तुच्छतेने बघतो.

वाईट वाटतंय थोडं. म्हणजे मी खोटं बरंच बोलते, पण कुणाच्या वतीने पहिल्यांदाच. आणि काकूला सांगितलेलं नाही. चमकणाऱ्या मेरीमुळे झोपही लागणार नाही.

२४ मार्च

सगळं क्रमाने लिहायचं ठरवलंय. हंसाबद्दल शेवटी.

तपासनीस अकराला आला. टूही नाव. पन्नाशीचा, पातळ केसांचा, सभ्य. पाहुण्यांच्या खोलीत बसवला. त्या खोलीत फक्त पाद्री आणि प्रेतं बसवतात, त्यामुळे तिथे कायम थंडी असते. तो सोफ्याच्या कडेवर, एका कुशीला झुकून बसला होता. मला वाटलं, अशी बसायची सरकारी पद्धत असेल.

काकाने सुरुवात केली. "साहेब, हिच्याकडे काही म्हणजे काही नाही हो. बिचारी. अंगावरचा कोट तोसुद्धा बहिणीचा."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आली. ट्रे ठेवायच्या आधीच तिने विचारलं, "कुठल्या बाजूला आहे?"

"काय, मिसेस मॅक्टर्नन?"

"नागीण."

टूहीसाहेबाचा चेहराच पडला. "डावीकडे. बरगडीवर. नववा दिवस. कसं ओळखलंत?"

काकाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय मारला. चेहरा असा उजळला होता की आता वाढच काय, मागची थकबाकीसुद्धा मिळणार! "अट्रॅक्टा," तो म्हणाला, "साहेबांना आधी मोकळं कर. काय ते कागद नंतर बघू."

"अजिबात नाही," काकू म्हणाली. "आधी तुमचं काम, साहेब. मग माझं."

"पण मला फार..."

"कळतंय. पण मी तुम्हाला बरं केलं आणि मग तुम्ही कागदावर चांगलं लिहिलंत, तर तो मोबदला झाला. उतारा गेला. ब्लॅकलायनचा एक पोरगा सोमवारी तिसऱ्यांदा यायचाय, डोळ्यापर्यंत चढलीय त्याची. त्याला काय सांगू?"

टूहीसाहेबाने पेन उघडलं. "बरं. मग तुमच्या नावावरचा उतारा दाखवा."

"तोच म्हणतेय, तो नंतर..."

"खात्याचा हो! बँकेचं, पोस्टाचं खातं असेल तर त्याचा उतारा."

 काकाने खिडकीतून माझ्या व्हॅनकडे बघितलं. व्हॅन जराशी हलत होती.

काकू आत गेली आणि प्रार्थनेच्या पुस्तकातून एक छोटं पासबुक घेऊन आली. पोस्टाचं, हिरवं. टूहीसाहेबाने उघडलं. पहिल्या दोन पानांवर दर शुक्रवारच्या ओळी, निळ्या शाईतल्या. शेवटची ओळ एप्रिल एकोणीसशे बहात्तर. पुढे सगळी पानं कोरी. साहेब ती एकेक करून उलटत गेला, शेवटपर्यंत, मधेच काही सापडेल म्हणून.

"हे बंद नाही केलंत?"

"बंद करा असं कुणी म्हटलं नाही," काकू म्हणाली.

काका उठला. "हंसाला बघून येतो," म्हणाला आणि बाहेर गेला.

"कुठला हंस?" साहेब म्हणाला.

"हो, कुठला हंस?" काकू माझ्याकडे वळली.

मी सांगून टाकलं. काकू रागावली नाही. हे फारच वाईट. तिने साहेबाला हाताला धरून व्हॅनपाशी नेलं, दार उघडलं आणि म्हणाली, "लिहा. मांड्या दोन."

पाऊण तास! तो बिचारा एका हाताने बरगडी धरून, दुसऱ्या हाताने लिहितोय आणि ही एक बाटली सोडत नाही.

"हे विकता?"

"विकलं तर मोबदला."

"मग करता काय?"

"व्हिस्की मयताच्या घरी जाते. केक शाळेत. मेरी कुणी घेत नाही."

"आणि ही... चमकते का ही?"

"अंधार करून दाखवू?"

"नको, नको. मध विकता?"

"मध विकते. रस्त्यावर टेबल आहे, डबा आहे, ज्याने त्याने पैसे टाकायचे. तेही लिहा. चौदा पेट्या. मधमाश्या माझ्या आहेत, मॅलॅकीच्या नाहीत. त्याला बघितलं की चावतात."

काका मध्येच "चौदा कशाला, आठ म्हण!" असं पुटपुटला. काकू म्हणाली, "चौदा."

शेवटी त्याने एक वेगळा कागद दिला. वाढीची रक्कम बायकोच्या खात्यात जाते, पण तिची इच्छा असेल तर या कागदावर सही करून ती नवऱ्याच्या खात्यात वळवता येते. "बरेच जण करतात. हा नंतर पाठवलात तरी चालेल."

मग पाकीट बंद. तरी काकू हात लावेना. "चौकात टपालपेटी आहे. टाकून या. एकदा पडलं की मग तुम्ही माझे कुणी नाही, मी तुमची कुणी नाही."

साहेब वाकून वाकून चौकापर्यंत गेला आणि वाकून वाकून परत आला. मी दारातून बघत होते, म्हणून हे नक्की लिहिते: ही बाई जिल्ह्यातल्या सगळ्यात लांब पाव मैलावरून त्याला चालवत होती आणि तिचे ओठ तो चालेल तसे हलत होते.

स्वयंपाकघरात शर्ट वर करून दहा मिनिटं. सुटल्यासारखा श्वास सोडला त्याने. बटणं लावली, वळला आणि म्हणाला, "थँ..."

"नाही!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. हंससुद्धा.

हंसाबद्दल: त्याने माझी चादर खाल्ली.

३१ मार्च

टूहीसाहेब तिसऱ्यांदा येऊन गेला. सरळ चालत. काल दारात उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं, टोपी घातली, गेला. पायरीवरही काही नव्हतं. आज सकाळीही नाही.

"चिकट आहे," काका म्हणाला.

"हा एकच माणूस नियम नीट समजला," काकू म्हणाली.

तो वेगळा कागद ड्रेसरवर पडून होता. काकाने सांगितलं होतं की गावात सगळ्यांचं एकत्रच येतं, वेगळं कशाला, पोस्टातली ब्रिजी काय म्हणेल. आज काकूने तो खाली घेतला. पेन टेकवलं आणि थांबली. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग सही केली, एका दमात, आणि पासबुक प्रार्थनेच्या पुस्तकात परत ठेवून दिलं. काका दारात बूट घालत उभा होता.

"पोस्टात टाकून येतो," म्हणाला. सायकलने गेला. तीन तासांनी आला. चौक पाव मैलावर आहे. दारू प्यायला होता का म्हणावं तर वास नव्हता.

१४ एप्रिल

सुटा भाग आला. मेकॅनिक विचारतो, बसवू का? म्हटलं, थांब जरा. मी इथे काय करतेय, हा प्रश्न आहेच. पण पत्र यायचंय. चौदा पेट्या सांगायला नको होत्या, असं काका रोज सकाळी एका पायावर उभा राहून म्हणतो. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. सगळं खरं सांगून कुणाचं भलं झालेलं मी तरी बघितलेलं नाही.

काकू मला बोटीबद्दल विचारत असते. रात्रभराचा प्रवास का? केबिनला खिडकी असते का? एकट्या बाईला तिकीट देतात का? भूगोलाची हौस दिसते.

ब्लॅकलायनच्या पोराचा डोळा वाचला.

२७ एप्रिल

पत्र!

मी वाचायला लागले तर काकूने हातातून घेतलं. स्वतः वाचलं, चष्मा न लावता. पूर्ण वाढ मंजूर. मध धरूनसुद्धा मर्यादेत बसते. मला वाटलं, ती पैशांचा आकडा वाचेल. ती वाचत राहिली ती वरची यादी: 'पत्नीची स्वतःची मालमत्ता: मधमाश्यांच्या पेट्या चौदा. कोंबड्या बावीस. हंस एक.'

"स्वतःची," ती म्हणाली. "सरकारी कागदावर."

आणि खाली: रक्कम पत्नीच्या पोस्टातल्या खात्यात जमा होईल. खातेक्रमांक तो हिरव्या पासबुकातला.

"अरे," मी म्हटलं, "चूक झालीय. काकूने सही करून दिली होती ना काकाच्या खात्यासाठी?"

"टपालात हरवला असेल कागद," काका म्हणाला. "हल्ली काही खरं नाही टपालाचं." आणि लगेच कुंपणाकडे गेला. त्या कुंपणात आता लाकडापेक्षा खिळे जास्त आहेत.

काकू कागद मांडीवर घेऊन अर्धा तास बसली. मी विचारलं, दुसरा पाठवायचा का सही करून? ती म्हणाली, "तू जरा बाहेर जा बघू."

मी केक खाल्ला. मयताचा नाही, शाळेचा.

६ मे

ब्रिजीने पासबुकात नवी ओळ लिहिली. बहात्तरच्या बरोब्बर खाली. "मध्ये एक ओळ सोडू का, अट्रॅक्टा?" तिने विचारलं. "नको," काकू म्हणाली.

१० मे

व्हॅन चालू झाली. हंस काकूला परत.

निघण्याआधी चाकाची नटं आवळावीत म्हणून काकाच्या ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत पाना शोधत होते. तळाशी पावाची पिशवी, त्यात घडी घातलेला कागद. उघडला. तोच! काकूची सही, शाईचा मोठा ठिपका. पाऊस लागू नये म्हणून पिशवीत घालून, दोन रबरबँड लावून, इतका जपून ठेवला आणि मग टाकायलाच विसरला. असा माणूस.

बाहेर आले तर व्हॅनमध्ये काकू बसलेली. चांगला कोट, मांडीवर छोटी बॅग.

"कुठे?" मी म्हटलं.

"फ्रान्सला, रॉस्कॉफ बंदरात. रविवारी परत. तिकीट काढलंय, माझं मी. खिडकीवाली केबिन."

"आणि काका?"

"दारावर यादी लावलीय."

काका फाटकाशी उभा होता, टोपी हातात. "कोंबड्यांचं मी बघतो," एवढंच म्हणाला. मधमाश्यांचं काही बोलला नाही.

आम्ही निघालो. वळणापाशी मी तिला कागदाची गोष्ट सांगितली, हसवायला. पिशवी, रबरबँड सगळं. "किती वेंधळा आहे गं काका," म्हटलं.

ती हसली नाही. म्हणाली, "थांब. मागे घे."

"काय विसरलं?"

"मागे घे म्हणते ना!"

पाव मैल रिव्हर्स. चिखल. नवा गिअरबॉक्स. काका तिथेच उभा होता, टोपी तशीच हातात. काकूने काच खाली केली. बघत राहिली त्याच्याकडे. मग तोंड उघडलं, आणि काकाने झटकन बोट वर केलं, ती रोग्यांना करते तसं.

काकूने तोंड मिटलं. थोड्या वेळाने म्हणाली, "मोजे वरच्या खणात आहेत."

"माहीत आहे," काका म्हणाला.

काच वर. "चल," म्हणाली.

एवढं सांगायला मला एवढ्या चिखलातून मागे आणलं. डिझेल मात्र तिने भरलं, तिच्या पैशांनी. पंपावर मी थँक्यू म्हणणार होते, पण तिच्याकडे बघून का कोण जाणे, राहूनच गेलं.